धमनीवरच्या गाठी

दुखणे मूत्रपिंडात आणि त्याचे मूळ यकृतात, असेही कधी घडते. हे कळायला वैद्यकाला शंभर वर्षे लागली.

१८६६ साली जर्मनीतील फ्रायबुर्गच्या कुसमाउल आणि मायर या डॉक्टरांनी २७ वर्षांच्या एका शिंप्याची हकीकत प्रसिद्ध केली. ताप, पोटदुखी, हातापायांतले गेलेले त्राण, बिघडलेली मूत्रपिंडे. तो वाचला नाही. शवविच्छेदनात धमन्यांवर गाठीच गाठी दिसल्या. आजाराला नाव मिळाले, कारण मात्र सापडले नाही.

ते आले भलत्याच वाटेने. अमेरिकेतील बारूख ब्लमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात अनोळखी प्रथिन आढळले. १९६५ साली त्यांनी ते जाहीर केले. पुढे ते ‘हिपॅटायटिस बी’ या काविळीच्या विषाणूचे निघाले. १९७० मध्ये डेव्हिड गोक आणि सहकाऱ्यांना धमन्यांच्या या दुर्मीळ आजाराच्या काही रुग्णांत तेच प्रथिन दिसले. विषाणूचे अंश आणि त्यांच्याशी झुंजणारी प्रतिद्रव्ये एकमेकांना चिकटून धमनीच्या भिंतीत रुततात. भिंत सुजते, रक्त अडते, मूत्रपिंड उपाशी पडते.

सगळ्याच रुग्णांत हा विषाणू नसतो. पण असेल, तर नुसती सूज उतरवून भागत नाही, विषाणूलाही आवरावे लागते. त्याहून बरे म्हणजे त्याला शिरूच न देणे. भारतात २०११ पासून ही लस देशभर बालकांना मोफत मिळते. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत. घरात पाळणा हलेल, तेव्हा तेवढे विचारायला विसरू नका.