सोमवारची निळी गोळी

तुमचे मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत सहावी ते बारावीत असेल, तर आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी तुमच्या परिचयाची असेल. अनेक घरांत ती दप्तरातून तशीच परत येते. "द्यायची का हो डॉक्टर? उष्ण तर पडणार नाही ना?" हा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. उत्तर देण्याआधी ही गोळी आली कुठून ते सांगतो.

आपल्याकडे रक्तक्षयाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 साली सुरू झाला. त्यात भर होता गरोदर माता आणि लहान बाळांवर. दहा ते एकोणीस वर्षांची मुले त्यात जवळजवळ नव्हतीच. कारण साधे होते. या वयात मृत्यू कमी, आजारपण कमी, मग वेगळे लक्ष कशाला? पण याच वयात उंची झपाट्याने वाढते, रक्ताचे प्रमाण वाढते आणि मुलींची पाळी सुरू होते. लोहाची गरज वाढते, ताटातले लोह मात्र तेवढेच राहते. अशी मुलगी पुढे गरोदर राहिली की नऊ महिन्यांत तिचा रिकामा साठा भरून काढणे फार अवघड जाते. ही गोष्ट धोरणात उतरायला काही दशके लागली.

दुसरा अडथळा होता रोजच्या गोळीचा. मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठता यांमुळे लोक ती मध्येच सोडतात. संशोधकांच्या लक्षात आले, की आतड्याच्या आतील पेशी काही दिवसांतच नव्याने तयार होतात आणि आधीच लोह मिळालेल्या पेशी पुढचे लोह कमी घेतात. मग आठवड्यातून एकदा दिले तर? पुढे हेप्सिडिन या संप्रेरकाचा शोध लागला. लोहाचा डोस मिळाल्यावर ते वाढते आणि पुढच्या डोसाचे शोषण घटते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये प्रजननक्षम वयातील स्त्रियांसाठी साप्ताहिक गोळीला पाठिंबा दिला. एक खुलासा करतो: हा डोस प्रतिबंधासाठी आहे. रक्तक्षय झालेलाच असेल तर उपचाराचा डोस वेगळा असतो, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा.

2012-13 मध्ये ही योजना देशभर आली. शाळेतली मुले-मुली आणि शाळाबाह्य मुलींसाठी अंगणवाडी. गोळीत 100 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी. रंग निळा ठेवला, म्हणजे "गरोदर बाईची लाल गोळी आमच्या मुलीला का?" हा संशय उठू नये. सोयीचा वार म्हणून बहुतेक ठिकाणी सोमवार.

पण सुरुवातीचा काळच वाईट ठरला. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या विषारी जेवणाने 23 मुले दगावली. त्याच महिन्यात दिल्लीत गोळी घेतलेल्या अनेक मुलांना मळमळ, पोटदुखी झाली आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. रिकाम्या पोटी लोह घेतल्यावर होणारा हा नेहमीचा त्रास. पण त्या दिवसांत पालकांना हे कोण पटवणार? माझ्या मते गोळीपेक्षा तेव्हा समजावून सांगण्याची तयारी कमी पडली.

7 जानेवारी 2014 रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. पोषणासोबत मानसिक आरोग्य, व्यसने, हिंसा हेही विषय आले. आपल्या राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतली 'मैत्री' केंद्रे याच कामाची. तिथे मुलांनी संकोच न करता बोलावे ही अपेक्षा, आणि ती अजून पुरेशी साधलेली नाही. 2018 च्या अॅनिमिया मुक्त भारत योजनेत गोळीतले लोह 60 मिलिग्रॅमवर आणले गेले.

फरक पडला का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 19 वयाच्या मुलींतील रक्तक्षय 2015-16 च्या 54 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 59 वर गेला. वाचून धक्का बसतो. पण ही तपासणी बोटातल्या थेंबावर होते. 2016-18 च्या दुसऱ्या राष्ट्रीय पाहणीत शिरेतले रक्त घेतले, तेव्हा 10 ते 19 वयाच्या मुलींत प्रमाण 40 टक्के आणि मुलांत 18 टक्के निघाले. खरा आकडा कोणता यावर तज्ज्ञ अजून वाद घालत आहेत. दोन्हींतला लहान आकडा धरला तरी दहा मुलींपैकी चार.

शिवाय सगळा रक्तक्षय लोहाअभावी नसतो. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल आहे, काही समाजांत थॅलेसेमिया. घरात असा आजार असेल तर गोळीआधी डॉक्टरांना सांगा. इतरांनी ती पोटभर जेवणानंतर घ्यावी, पुढे-मागे तासभर चहा टाळावा, लिंबू पिळलेले जेवण उत्तम. दुसऱ्या दिवशी शौच काळी झाली तर घाबरू नका, ते न शोषलेले लोह आहे. आणि हो, मुलांनाही द्या. ही गोळी फक्त मुलींची नाही.