मुठीच्या धान्यावरची शाळा

स्मरणिका समितीने मला शाळेचा इतिहास लिहायला सांगितले, कारण मी नोकरीभर इतिहासच शिकवला. आपल्या विद्यालयाच्या इमारती, मुख्याध्यापकांची यादी आणि निकालांची टक्केवारी या अंकात इतरत्र आलेली आहे. ती पुन्हा लिहीत नाही. गरिबांच्या मुलांसाठी खेड्यात शाळा चालवायची तर पैसा, धान्य आणि माणसे आणायची कुठून, हा प्रश्न आपल्या रयत शिक्षण संस्थेने कसा सोडवला, एवढ्यापुरतेच लिहितो. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगेन.

सुरुवात माझ्यापासून करतो, गुरुजनांनी क्षमा करावी. मी वसतिगृहातला मुलगा. वाडीवरून आलेला, ईबीसीचा फॉर्म भरलेला, तलाठ्याच्या दाखल्यासाठी वडिलांबरोबर तीन हेलपाटे घातलेला. आठवीत असताना खेळाच्या तासाला भांडण झाले आणि वर्गातला एक मित्र मला सर्वांसमोर 'फुकट्या' म्हणाला. आज तो माझा जवळचा मित्र आहे, आणि ही गोष्ट त्याला आठवतही नसेल. मला मात्र तो शब्द फार लागला. पुढे कित्येक वर्षे, नोकरी लागल्यावरसुद्धा, मी वसतिगृहात राहून शिकलो हे कोणाला सांगत नसे. संस्थेचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा ही लाज किती चुकीची होती ते कळले.

भाऊराव पायगौंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात शिकत असताना त्यांनी राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेली वसतिगृहांची चळवळ जवळून पाहिली. मुलगा हुशार असून भागत नाही, शाळेच्या गावी त्याची राहण्याजेवणाची सोय झाली तरच तो शिकतो, हे महाराजांनी ओळखले होते. पुढे भाऊराव किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या घरात नांगर पोचतो, पण पाटी पोचत नाही, हे चित्र त्यांनी या फिरतीत पाहिले. सत्यशोधक विचारांच्या माणसांची साथ होतीच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले या गावी संस्था स्थापन झाली. नाव ठेवले 'रयत', म्हणजे कष्टकरी लोक. बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष घेतला.

१९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. या वसतिगृहाची खरी ओळख तिथली पंगत होती. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी मुले एका पंक्तीला बसत आणि एकमेकांना वाढत. स्वयंपाक, भांडी, झाडलोट ही कामे सर्वांनी वाटून करायची. ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात हे चालले होते. त्यामुळे देणगी देणारे काही हात मागे सरले असणार, पण पंगत बदलली नाही.

आता खर्चाचे पाहू. एवढ्या मुलांना रोज दोन वेळा जेवायला घालायचे कसे? पहिला मार्ग मुष्टिफंडाचा. घरातल्या बाईने दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते साठले की मुलांनी जाऊन गोळा करायचे. मूठभर जोंधळे कोणालाच जड नसतात. यात मोठ्या देणगीदाराची वाट पाहावी लागत नाही, आणि ज्या घरातून मूठ निघते ते घर शाळेला आपली समजते. पुढे त्याच घरातले पोरही शाळेत येते.

दुसरा मार्ग मुलांच्या श्रमाचा. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आपण भिंतीवर रोज वाचले. ते हिशेबाचे वाक्य होते. साताऱ्यात मुलांनी माळरान फोडले, दगड काढले, माती टाकली आणि तिथे पीक घेतले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले ते याच 'कमवा आणि शिका' तत्त्वावर. मुलगा शेतात, बागेत, बांधकामावर राबतो आणि त्या बळावर शिकतो, म्हणजे तो कोणाचा मिंधा राहत नाही.

तरीही तोंडमिळवणी होत नसे. असे दिवस आले की वसतिगृहात दाणा शिल्लक नसे. लक्ष्मीबाई वहिनींनी अशा वेळी अंगावरचे दागिने एकेक करून दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट आपण दरवर्षी २२ सप्टेंबरच्या भाषणांत ऐकत आलो. लहानपणी मला ती नुसती त्यागाची कथा वाटे. वहिनी सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या होत्या. त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना पोटच्या पोरांसारखे वाढवले. दागिने देण्यापेक्षा हे अवघड होते, असे मला आता वाटते. १९३० साली त्या गेल्या. संस्था पुढे एवढी वाढलेली त्यांनी पाहिली नाही.

तिसरा प्रश्न माणसांचा. खेड्यात जाऊन राहील असा शिक्षक मिळत नव्हता, म्हणून तो घडवावा लागला. १९३५ साली साताऱ्यात संस्थेचे अध्यापक विद्यालय निघाले. आज ते महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाते. १९३७ नंतर मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि जिथे शाळाच नाही अशा गावांत व्हॉलंटरी शाळा काढायला प्रोत्साहन मिळाले. संस्थेने अशा पाचशेहून अधिक शाळा काढल्या. इमारत नसे. देऊळ, चावडी, कोणाचा तरी सोपा, जिथे सावली तिथे शाळा. पुढे या शाळा स्कूल बोर्डाकडे गेल्या. माझे वडील तिसरीपर्यंत शिकले ते मारुतीच्या देवळात भरणाऱ्या अशाच एका शाळेत. त्यांना सही करता येत होती, म्हणून सावकाराच्या कागदावर त्यांनी कधी अंगठा उठवला नाही. आमच्या घरातला शिक्षणाचा पहिला फायदा तो.

सरकारी अनुदानाचाही एक धडा आहे. १९४८ च्या सुमारास सरकारशी मतभेद झाल्याने संस्थेचे अनुदान काही काळ बंद पडले. अण्णांनी शाळा बंद केल्या नाहीत, ते लोकांकडे गेले. गाडगे महाराजांनी संस्थेसाठी शब्द टाकला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. मधला काळ निभावला तो लोकांच्या रुपया-दोन रुपयांवर. संस्थेने पुढे कराडच्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले.

नावावरून आणखी एक गोष्ट. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. मोठी देणगी देतो, पण कॉलेजचे नाव बदला, असे सांगणारा गृहस्थ पुढे आला तेव्हा अण्णांनी साफ नकार दिला. त्या वेळी संस्थेला पैशाची किती निकड होती हे लक्षात घेतले, म्हणजे त्या नकाराचे वजन कळते.

अण्णा ९ मे १९५९ रोजी गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशी मोठी नावे सगळ्यांना माहीत असतात. पण माझ्या मते संस्थेचे खरे काम सही करणाऱ्या माझ्या वडिलांसारख्या असंख्य माणसांत आहे.

हे सगळे वाचल्यावर तो 'फुकट्या' शब्द मनातून गेला. मी पहाटे उठून शाळेच्या बागेला पाणी दिले होते, वांगी-टोमॅटोच्या पाट्या बाजारात नेल्या होत्या. आणि उरलेले जे खाल्ले, ते या गावातल्या आयाबायांच्या मुठीतले होते. त्यात मला 'फुकट्या' म्हणणाऱ्या मित्राच्या आजीचीही मूठ असेल. ते ऋण आहे, त्याची लाज कशाला?

आता शेवटचे. आपल्या वर्गात सातवीत पहिली आलेली मुलगी तुम्हाला आठवते का? तिचे नाव इथे लिहीत नाही, तिला आवडेल की नाही ठाऊक नाही. दोन डोंगरवाड्या पलीकडून ती चालत येत असे. वसतिगृह मुलांचे होते, गावात मुलीला ठेवायची दुसरी सोय नव्हती. आठवीच्या दिवाळीनंतर ती आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली आणि परत वर्गात आली नाही. आपल्या बॅचच्या फोटोत ती नाही. माझा क्रमांक पुढे पहिला येऊ लागला तो ती गेल्यावर, हे मी आज प्रथमच कबूल करतो.

मागच्या महिन्यात शाळेत गेलो होतो. गावोगाव शाळा झाल्या तशी वसतिगृहातली मुले कमी होत गेली, आता त्या खोल्यांत मोडकी बाके आहेत. मुख्याध्यापकांनी सांगितले, दसरा-दिवाळी झाली की आजही काही मुले पालकांबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळ्यात परततात तोवर वर्ष गेलेले असते. त्यांत मुलींचा अभ्यास सुटला की सहसा सुटतोच. दोन खोल्या नीट करून, एक जबाबदार बाई नेमून पाच-सहा महिने जेवणाची सोय झाली तर पालक मुलींना मागे ठेवायला तयार आहेत.

मित्रहो, आपण वर्गणी काढून प्रवेशद्वाराची कमान बांधायची आणि तिच्यावर बॅचचे नाव कोरायचे ठरवले आहे. ठरावाला मीही हात वर केला होता. पण हा लेख लिहिताना मन बदलले. कमान पुढे कधीही बांधता येईल. त्या दोन खोल्यांचा विचार या दसऱ्याच्या आत व्हायला हवा. संमेलनाच्या दुपारच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती मी समितीला केली आहे. विरोधी मत असेल त्यांनी जरूर मांडावे, आपल्यात भांडायची सवय जुनीच आहे.

निर्णय काहीही होवो, मी येताना शेतातल्या ज्वारीचे एक पोते घेऊन येणार आहे. ते उतरवून ठेवायला कोणीतरी हात लावा.