मेजर कॉर्ड

७. मेजर कॉर्ड : पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी वाजणारा तीन स्वरांचा संच. पायाचा स्वर, त्याच्या वरचा चौथा आणि सातवा अर्धस्वर मिळून तो होतो. आपल्याकडच्या हिशेबाने सा, शुद्ध ग आणि प. पेटीवर पांढरी एक, तीन आणि पाच एकदम दाबली की ‘सी मेजर’ मिळतो. यातला ग कोमल केला, की झाला मायनर. ‘उलटा सी’ म्हणजे हेच स्वर ग तळाशी ठेवून, ग-प-सा असे वाजवणे. क्रम बदलला तरी कॉर्ड तोच राहतो, हा विचार फ्रेंच संगीतकार झां-फिलिप रामो (१६८३–१७६४) याने १७२२ सालच्या आपल्या ग्रंथात पद्धतशीर मांडला.