सायलेन्सर, मोटारसायकलचा
एंजिनातील दग्ध वायू बाहेर सोडताना त्यांचा ध्वनी शमविणारे उपांग. मिल्टन व मार्शल रीव्ह्‌ज या बंधूंना अमेरिकेत १८९७ साली अशा उपकरणाचे एकस्व अर्थात पेटंट मिळाले. परंतु पुढील संशोधकांचे लक्ष केवळ ध्वनिशमनावर न राहता, धूरनळीत परतणाऱ्या दाबतरंगांकडून एंजिनाची शक्ती वाढवून घेण्याकडे वळले, आणि यामाहाने १९८७ मध्ये आणलेली, एंजिनाच्या वेगाबरहुकूम नळीचा मार्ग रुंद वा अरुंद करणारी ‘एक्झप’ झडप हे त्या विचाराचे सर्वांत चतुर फळ म्हणावे लागेल. पुण्याच्या बजाज ऑटोने धूरनळीला लहानसा अनुनादक कोष जोडून मंद वेगातील ओढ वाढविली. आतील पडदे काढून गर्जना वाढविण्याच्या हौशी कारागिरीला मात्र केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० ची आडकाठी आहे.