लोसार आणि आपण : पीडा कोणाच्या माथी?

गेल्या वर्षी वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, ते बौद्ध, आपणही बौद्ध. मग त्यांचे सण आपले का नाहीत?" 'ते' म्हणजे आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले तिबेटी. प्रश्न साधा होता, पण मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. ते शोधण्याचा हा प्रयत्न.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात चिनी सत्तेविरुद्ध उठाव झाला. दलाई लामा भारतात आले, मागोमाग हजारो माणसे आली. त्यांतल्या काहींसाठी १९७२ साली प्रतापगड-गोठणगाव परिसरात नॉर्ग्येलिंग ही वसाहत वसवण्यात आली. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. धानाच्या या उष्ण प्रदेशात थंड पठारावरची माणसे रुजली. हिवाळ्यात त्यांतली कितीतरी कुटुंबे स्वेटर विकायला शहरोशहरी जातात आणि लोसारपर्यंत घरी परततात. म्हणून लोसार हा त्यांच्या घरी परतण्याचाही सण आहे.

'लो' म्हणजे वर्ष, 'सार' म्हणजे नवे. हे नववर्ष बहुधा महाशिवरात्रीच्या आगेमागे येते. २०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, लोसार २८ ला. म्हणजे प्रतापगडची यात्रा आणि वसाहतीतला लोसार एकाच आठवड्यात. देव्हाऱ्यासमोर गव्हाचे वा जवाचे कोवळे अंकुर ठेवतात; आपल्याकडच्या घटाच्या धानाची आठवण व्हावी असे. छेमारच्या लाकडी पेटीत एका बाजूला लोणी घातलेले सातूचे पीठ, दुसऱ्या बाजूला भाजलेले धान्य. तळलेले खाप्से, गळ्यात पांढरी खाता, तोंडी 'ताशी देलेक'. तिसऱ्या दिवशी जुनी पताका उतरवून नवी चढवतात आणि सुगंधी धूप जाळतात.

पण माझे लक्ष खिळले ते त्याआधीच्या रात्रीवर. वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या २९ तारखेला घर झाडून गुथुक शिजवतात. त्यातल्या पिठाच्या गोळ्यांत मीठ, मिरची, लोकर, कोळसा दडवलेला असतो. ज्याला कोळसा येईल तो काळ्या मनाचा, लोकर येईल तो मऊ मनाचा, अशी थट्टा चालते. मग पिठाचा एक पुतळा करून, घरातली वर्षाची पीडा त्याच्यावर उतरवून त्याला बाहेर तिठ्यावर टाकून येतात.

विदर्भातल्या माणसाला हे परके वाटणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते, ती हेच करते. पण जुन्या ल्हासात एवढ्यावर भागत नसे. नववर्षाच्या उत्सवानंतर एका जिवंत माणसाचा चेहरा अर्धा पांढरा, अर्धा काळा रंगवीत. साऱ्या शहराचे अरिष्ट त्याच्या डोक्यावर घालून त्याला शहराबाहेर हाकलीत. त्याला नाव मात्र मोठे दिलेले : लुगोंग ग्याल्पो. ग्याल्पो म्हणजे राजा!

हे वाचले तेव्हा मला माझे आजोबा आठवले. पटकी आली की गावाची पीडा मरीआईच्या गाड्यात बसायची आणि तो गाडा शिवेपलीकडे न्यायचा मान महारांचा. मान म्हणायचे, होती ती वेठ. रोग साऱ्या गावाचा आणि तो वाहून नेणारी माणसे गावकुसाबाहेरची. ल्हासातला एक दिवसाचा राजा आणि आमचा मानकरी यांची जात एकच. त्या समाजातही लोहार, खाटीक आणि प्रेतांची विल्हेवाट लावणारे रग्याबा हीन लेखले जात. बुद्धाचे नाव घेतले म्हणून उच्चनीचता आपोआप गळून पडत नाही. बाबासाहेबांनी दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा का दिल्या, ते इथे कळते. त्या कसोटीवर लोसारचे कितीतरी विधी टिकणार नाहीत.

मग त्यांच्याकडून घेण्यासारखे काहीच नाही काय? आहे. त्यांच्या सागा दावाची पौर्णिमा आणि आपली वैशाखी पौर्णिमा मुळात एकच. 'सागा' हे विशाखा नक्षत्राचेच तिबेटी नाव. २०२४ साली दोन्ही २३ मे रोजी आल्या. २०२५ साली पंचांगाच्या फरकाने महिनाभर दूर गेल्या. शिवाय जुन्या सणांच्या जोडीला त्यांनी इतिहासाचे दिवस मांडले : १० मार्च उठावाचा, ६ जुलै दलाई लामांच्या जन्माचा. आपणही १४ एप्रिल, २० मार्च, १४ ऑक्टोबर, ६ डिसेंबर असेच मांडले. ज्यांचा इतिहास दरबारी बखरकार लिहीत नाहीत, ते तो दिनदर्शिकेत लिहितात.

आणि ते सण थांबवूही शकतात. २००८ च्या दडपशाहीनंतर २००९ साली असंख्य तिबेट्यांनी लोसारचा आनंद साजरा केला नाही. तिबेटात लोक स्वतःला जाळून घेत होते, तेव्हा २०१२ साली निर्वासित सरकारचे प्रमुख लोबसांग सांगे यांनी आवाहन केले : पूजा करा, जल्लोष नको. देश नसलेल्या माणसांनी सणालाच निषेधाचे हत्यार केले. आपल्या वस्तीत अत्याचाराची बातमी येते त्याच आठवड्यात जयंतीच्या मिरवणुकीचा भोंगा आपण किती वेळा खाली ठेवला?

त्या विद्यार्थ्याला मी आता असे सांगेन : सण कोणत्या धर्माचा हे नंतर पाहू. आधी दोन गोष्टी विचार. त्यात पीडा कोणाच्या माथी मारली जाते? आणि स्मृती कोणाची जपली जाते? पहिल्या प्रश्नावर लोसारही तपासावा लागेल आणि आपल्या गावचे सणही. दुसऱ्या प्रश्नावर मात्र प्रतापगडच्या त्या शेजाऱ्यांकडे आपण एकदा शिकायला गेले पाहिजे.