दस्तऐवजांचे आंतरराष्ट्रीय अधिप्रमाणन

एका देशातील अधिकाऱ्याने दिलेला जन्माचा दाखला, न्यायालयाचा हुकूमनामा, मुखत्यारपत्र, पदवी-प्रमाणपत्र यांसारखा दस्तऐवज दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावरील सही व शिक्का खरा आहे आणि सही करणाऱ्यास तसा अधिकार आहे, अशी अधिकृतपणे दिली जाणारी ग्वाही म्हणजे आंतरराष्ट्रीय अधिप्रमाणन होय. ही ग्वाही दस्तऐवजाच्या उगमापुरती मर्यादित असते. त्यातील मजकूर सत्य असल्याचा निर्वाळा अधिप्रमाणन करणारा अधिकारी देत नाही. अधिप्रमाणनाचा इतिहास हा प्रामुख्याने परक्याची सही ओळखण्याच्या साधनांचा इतिहास आहे. मूळ नोंद खरी व पूर्ण असण्याची जबाबदारी मात्र सर्व काळी ती नोंद करणाऱ्या स्थानिक यंत्रणेवरच राहिलेली दिसते.

पूर्वेतिहास : रोमन साम्राज्यात व्यावसायिक लेखनिकांनी लिहिलेल्या खाजगी लेखांस स्वतःचे असे सार्वजनिक प्रामाण्य नसे. लेख नगराच्या दप्तरात दाखल केला म्हणजे त्यास ते प्राप्त होई. मध्ययुगात इटलीतील नगरराज्यांत नोटरी हा स्वतंत्र व प्रतिष्ठित पेशा उदयास आला. बोलोन्या हे त्याच्या शिक्षणाचे प्रमुख केंद्र होते. प्रत्येक नोटरीचे स्वतःचे हाताने रेखाटलेले चिन्ह असे व त्यावरून त्याचा लेख ओळखला जाई. व्यापाराच्या निमित्ताने हे लेख दूरच्या शहरी जाऊ लागले, तेव्हा तेथील न्यायाधीशास ते चिन्ह अपरिचित असल्याने नवी अडचण उद्‌भवली. तीवर उपाय म्हणून मूळ शहराचे दंडाधिकारी अमुक इसम खरोखरीच नोटरी असून त्याच्या लेखांवर विश्वास ठेवला जातो, असे पत्र नगराच्या मुद्रेसह लेखास जोडू लागले. आधुनिक अधिप्रमाणनाचे हे आद्य रूप मानता येईल.

इंग्लंडमध्ये नोटरी नेमण्याचा पोपचा अधिकार १५३३ च्या कायद्याने कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आला. पुढे ब्रिटिश अमदानीत भारतातील नोटरींच्या नेमणुकाही दीर्घकाळ ह्याच धर्मपीठाच्या कार्यालयातून होत. पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ अन्वये सरकारलाही मर्यादित कामासाठी नोटरी नेमता येऊ लागले. तथापि ह्या पेशाचे सर्वंकष भारतीय नियमन नोटरी अधिनियम, १९५२ ह्या कायद्याने झाले.

मराठेशाहीतील प्रमाणनाची रीत वेगळ्या तत्त्वावर आधारलेली होती. वतनाच्या तंट्यात गोतसभा भरून जो महजर होई, त्यावर पाटील, कुलकर्णी, बलुतेदार इत्यादींच्या साक्षी घातल्या जात. अक्षरशत्रू साक्षीदार आपल्या व्यवसायाची निशाणी काढी, उदा., पाटलाची निशाणी नांगर असे. सरकारी पत्रांवर शिक्का व अखेरीस मोर्तब होई. ‘शिक्कामोर्तब’ हा रूढ शब्द त्यावरूनच आला. महजरावरील साक्षीदार केवळ सही ओळखत नसत, तर घराणी, शिवा व पूर्वीचा व्यवहारही जाणत असत. त्यांची साक्ष मजकुराविषयी असे. राज्याच्या सीमेपलीकडे मात्र अशी ओळख पोहोचत नाही. तेथे माणसाच्या साक्षीची जागा शिक्का घेतो व मजकुराविषयीची साक्ष मागे पडते.

नागरी नोंदणी व वकिलातींचे कार्य : व्यक्तीचा जन्म, विवाह व मृत्यू यांच्या पद्धतशीर नोंदी यूरोपात प्रथम चर्चने ठेवल्या. ट्रेंट धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरूंना अशा नोंदवह्या ठेवणे बंधनकारक केले. फ्रान्समध्ये २० सप्टेंबर १७९२ च्या कायद्याने हे कार्य शासनाकडे आले, तर इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून नागरी नोंदणी सुरू झाली. त्यामुळे व्यक्तीची ओळख सांगणारा दस्तऐवज हा शासकीय दस्तऐवज बनला. पहिल्या महायुद्धानंतर पारपत्राची सक्ती सर्वत्र रूढ झाली आणि परदेशात शिक्षण, नोकरी, विवाह, वारसा यांसाठी हे दाखले मागितले जाऊ लागले.

दाखला ज्या देशात वापरावयाचा त्या देशाच्या वाणिज्यदूताने तो प्रमाणित करावा, असा प्रघात पडला. वाणिज्यदूतास प्रत्येक गावच्या निबंधकाची सही ठाऊक असणे शक्य नसल्याने सह्यांची साखळी निर्माण झाली. निबंधकाची सही जिल्ह्याच्या वा प्रांताच्या अधिकाऱ्याने, त्याची सही परराष्ट्र खात्याने, परराष्ट्र खात्याची सही वकिलातीने आणि वकिलातीची सही कित्येकदा पुन्हा तिच्या मायदेशातील परराष्ट्र खात्याने प्रमाणित करावयाची, असा हा क्रम होता. प्रत्येक अधिकारी फक्त आपल्या आधीच्या सहीविषयी बोले. अशा रीतीने दाखल्यावर पाच-सहा शिक्के उमटत. परंतु जन्मतारीख बरोबर आहे किंवा नाही, हे त्यांपैकी एकानेही पाहिलेले नसे.

हेग करार : ही साखळी तोडावी, अशी सूचना यूरोप परिषदेने खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्याच्या हेग परिषदेस केली. तिच्या परिणामी विदेशी सार्वजनिक दस्तऐवजांच्या अधिप्रमाणनाची आवश्यकता रद्द करणारा करार ५ ऑक्टोबर १९६१ रोजी संमत झाला व २४ जानेवारी १९६५ पासून अंमलात आला. त्यानुसार मूळ देशाने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याचे एकच प्रमाणपत्र पुरेसे ठरते. त्यास ‘अपोस्टिल’ ही फ्रेंच संज्ञा आहे. तिचा मूळ अर्थ समासातील टीप असा असून मजकुरानंतर जोडलेली टिप्पणी ह्या अर्थाच्या मध्ययुगीन लॅटिन शब्दाशी तिचा संबंध जोडला जातो.

अपोस्टिल किमान ९ सेंमी. बाजूच्या चौकोनात असते व तीत दहा क्रमांकित बाबी असतात. देश, सही करणाऱ्याचे नाव, त्याचा हुद्दा, शिक्का कोणाचा, प्रमाणनाचे ठिकाण, दिनांक, प्रमाणन करणारा अधिकारी, अनुक्रमांक, त्याचा शिक्का व सही ह्या त्या बाबी होत. मथळा फ्रेंच भाषेतच असावा लागतो. प्रत्येक अपोस्टिलची नोंद वहीत वा पत्रसूचीत ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे परदेशातील शंका घेणारा अधिकारी अनुक्रमांकावरून ती खरी की बनावट, हे पडताळू शकतो. कराराच्या कक्षेत न्यायालयीन व प्रशासकीय कागदपत्रे, नोटरीचे लेख आणि खाजगी लेखांवरील अधिकृत दाखले येतात. वकिलातींनी तयार केलेले दस्तऐवज तसेच व्यापार व जकात यांच्याशी थेट संबंधित प्रशासकीय कागदपत्रे वगळलेली आहेत.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने १९८१ मध्ये, चीन ७ नोव्हेंबर २०२३ रोजी व कॅनडा ११ जानेवारी २०२४ रोजी ह्या व्यवस्थेत आले. २०२४ अखेर कराराच्या पक्षदेशांची संख्या १२० हून अधिक होती. यूरोपीय संघाने २०१६ च्या विनियमाने आपल्या सदस्यदेशांत परस्परांच्या जन्म, विवाह इ. दाखल्यांसाठी अपोस्टिलचीही गरज काढून टाकली. हा विनियम फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला.

भारतातील व्यवस्था : ब्रिटिश भारतात जन्म, मृत्यू व विवाह नोंदणी अधिनियम, १८८६ अन्वये ऐच्छिक नोंदणीची सोय झाली. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ ह्या कायद्याने देशभर नोंदणी सक्तीची व एकसूत्री झाली. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. ग्रामीण भागात तत्पूर्वीच्या नोंदी महसुली दप्तरात गाव नमुना क्र. १४ मध्ये सापडतात. काही भागांत त्यास कोतवाल बुक म्हणतात. त्यांपैकी जुन्या नोंदी कित्येकदा मोडी लिपीत आहेत आणि पुष्कळ ठिकाणी बालकाच्या नावाऐवजी पित्याचे नाव व ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच उल्लेख आहे. गावाच्या कामासाठी एवढी नोंद पुरेशी होती. परदेशातील अधिकाऱ्यास ती अपुरी वाटते.

परदेशी दस्तऐवज भारतात सिद्ध करण्याची रीत भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मध्ये सांगितलेली होती. मूळ दप्तराच्या कायदेशीर अभिरक्षकाने दिलेल्या नकलेस नोटरीचे वा भारतीय वाणिज्यदूताचे मुद्रांकित प्रमाणपत्र जोडावे लागे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ ने घेतली. परदेशस्थ भारतीयांची शपथपत्रे व मुखत्यारपत्रे भारतीय वकिलातीत करून घेण्याची तरतूद १९४८ च्या राजनैतिक व वाणिज्यदूत अधिकारी (शपथा व शुल्क) अधिनियमात आहे.

भारताने २६ ऑक्टोबर २००४ रोजी हेग कराराचा स्वीकार केला व १४ जुलै २००५ पासून तो भारतास लागू झाला. जन्म-विवाहाच्या दाखल्यांचे साक्षांकन प्रथम राज्याचे गृह किंवा सामान्य प्रशासन खाते, पदव्यांचे राज्याचे शिक्षण खाते व व्यापारी कागदपत्रांचे वाणिज्य मंडळे करतात. त्यानंतर परराष्ट्र व्यवहार मंत्रालय अपोस्टिल देते. पूर्वी हे अखेरचे काम मुख्यतः दिल्लीत होई. २०१९ पासून ते मुंबईसह इतर शहरांतील मंत्रालयाच्या कार्यालयांतही सुरू झाले. ह्यावरून असे दिसते, की कराराने देशाबाहेरील साखळी तुटली असली, तरी देशांतर्गत साखळी बव्हंशी कायम राहिली.

जे देश करारात नाहीत त्यांच्यासाठी मंत्रालयाच्या साक्षांकनानंतर संबंधित वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो. महाराष्ट्रातून, विशेषतः कोकणातून, आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. ओमान २०१२ मध्ये, बहारीन २०१३ मध्ये व सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये करारात आले. संयुक्त अरब अमिराती, कुवेत व कतार हे २०२४ अखेर त्याबाहेर होते.

गोव्यातील विशेष प्रश्न : १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगीज कायद्याने आपला जन्म लिस्बन येथील केंद्रीय नोंदणी कार्यालयात नोंदविण्याची मुभा आहे व त्यांच्या वंशजांनाही त्याआधारे दावा करता येतो. त्यासाठी गोव्याच्या दप्तरातील जन्माच्या व विवाहाच्या नोंदींच्या प्रमाणित नकला लागतात. ह्या जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. चर्चच्या वहीतील नाव, नागरी नोंदीतील नाव व नंतरच्या भारतीय कागदपत्रांतील नाव यांची वर्णरचना कित्येकदा जुळत नाही आणि पिढ्यांची साखळी अशा एका अक्षराशी अडते. भारतीय संविधानास दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने अशा नोंदणीचे परिणामही दूरगामी ठरतात. लिस्बनमधील नोंदीने भारतीय नागरिकत्वाचा लोप होतो किंवा कसे, हा प्रश्न गोव्यातील काही निवडणुकांच्या संदर्भातही उपस्थित झालेला आहे.

मर्यादा : अपोस्टिल सहीची हमी देते, मजकुराची नव्हे, ह्यातच तिचे बळ व तिची उणीव आहे. प्रत्येक दाखल्याच्या मजकुराची चौकशी करावयाची, तर आंतरराष्ट्रीय व्यवहार ठप्प होतील. उलट खोट्या नोंदीवरून रीतसर दिलेल्या दाखल्यावरही अपोस्टिल निर्दोषपणे देता येते. भारताच्या करारप्रवेशास काही यूरोपीय देशांनी हरकत नोंदविली, तीमागे हीच शंका होती. त्यांपैकी काहींनी पुढे हरकत मागे घेतली. जर्मनीच्या बाबतीत हरकतीमुळे करार लागू न झाल्याने जर्मन अधिकारी आवश्यक तेथे आपल्या वकिलातीमार्फत मूळ दप्तराची प्रत्यक्ष तपासणी करवून घेऊ लागले. म्हणजे सह्यांच्या मार्गाने समाधान न झाल्यास चौकशी अखेर गावच्या वा प्रभागाच्या नोंदवहीपाशीच येऊन थांबते.

याचा खरा भार ज्यांची नोंदच नाही वा अपुरी आहे त्यांच्यावर पडतो. घरी झालेले जन्म, स्थलांतरित मजुरांची मुले, विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रिया व आडनाव न लावणारे समाज ह्यांना ही अडचण विशेष भासते. नोंद नसल्यास निबंधकाकडून अनुपलब्धतेचा दाखला घेऊन शपथपत्र, शाळा सोडल्याचा दाखला इत्यादींचा आधार घ्यावा लागतो. परंतु हा दुय्यम पुरावा स्वीकारावा की नाही, हे सर्वस्वी परकीय अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते. जन्मानंतर एक वर्ष उलटल्यावर नोंद करण्यासाठी १९६९ च्या अधिनियमानुसार दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. पूर्वी तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी वा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आली असून त्या दिवशी वा नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, शासकीय नेमणूक इ. कामांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मदिनांक व जन्मस्थळ यांचा पुरावा ठरविण्यात आला आहे. साहजिकच वेळीच व अचूक नोंद होण्याचे महत्त्व देशांतर्गतही वाढले आहे.

हेग परिषदेने २००६ पासून इलेक्ट्रॉनिक अपोस्टिल व इलेक्ट्रॉनिक नोंदवह्यांचा पुरस्कार केला. भारतातही २०१७ मध्ये ई-सनद ही संगणकीय पडताळणीची योजना सुरू झाली. ह्या साधनांमुळे बनावट शिक्क्यांना आळा बसतो व अर्जदाराच्या खेपा कमी होतात. तथापि संगणकही मूळ वहीत जे आहे तेच दाखवितो. पाटलाच्या नांगरामागे जी माहितगाराची साक्ष होती, तिचे स्थान आज ग्रामपंचायतीच्या व नगरपालिकेच्या निबंधकाने योग्य वेळी, पूर्ण नावानिशी केलेल्या नोंदीकडे आले आहे. ती नोंद सदोष असल्यास पुढील कोणत्याही शिक्क्याने तो दोष भरून निघत नाही.