उत्तर त्याचं, क्लिक माझं

आजची गोष्ट माझ्या एका चुकीपासून सुरू होते.

कॉलेजात असताना एका अंध मित्राचा लेखनिक म्हणून मी एका ऑनलाइन परीक्षेला बसलो होतो. मी स्क्रीनवरचा प्रश्न वाचायचो, तो पर्याय सांगायचा, मी क्लिक करायचो. एकदा तो म्हणाला ‘डी’, मी ऐकलं ‘बी’. त्याने सहज पुन्हा विचारलं म्हणून चूक सापडली. नाहीतर त्याला कधी कळलंच नसतं. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे: समोर कॉम्प्युटर असताना माझी गरजच का पडली?

थोडं मागे जाऊया. 1993 मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ ब्लाइंडच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की दृष्टिहीनांना यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने देऊ द्या. परीक्षेचं दार उघडलं, ते असं.

तोवर तिकडे अमेरिकेत कॉम्प्युटर बोलायला लागला होता. टेड हेंटर हा मोटरसायकल रेसर. 1978 मध्ये अपघातात त्याची दृष्टी गेली. मग तो प्रोग्रामिंग शिकला आणि 1989 मध्ये ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आला. पण तो महाग. 2006 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ बनवायला घेतला, तोही फुकट!

म्हणजे परीक्षा कॉम्प्युटरवर आल्या की प्रश्न सुटायला हवा होता ना? पण झालं उलटंच. कॉपी होऊ नये म्हणून परीक्षेचं सॉफ्टवेअर बाकी सगळे प्रोग्राम बंद करतं. त्यात स्क्रीन रीडरही अडकतो. तो चालू ठेवला, तरी गणिताचं सूत्र चित्र म्हणून टाकलेलं असलं, की त्याला ते वाचता येत नाही. पर्याय फक्त माउसने निवडता येत असेल, तर कीबोर्डवाला तिथेच थांबला.

उपाय अवघड नाहीत. सूत्र मजकुरात द्या, आकृतीचं वर्णन लिहा, प्रत्येक बटण कीबोर्डने चालू द्या. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर उमेदवाराला कॉम्प्युटर एक दिवस आधी तपासू द्यावा, असंही म्हटलं होतं. पण सॉफ्टवेअरच मुकं असेल, तर तपासून काय करणार?

लेखनिक नकोच, असं मी म्हणत नाही. ज्याला हवा त्याला मिळावा. पण ती निवड असावी, नाइलाज नको.

आज एक करून बघा. फोनवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर सुरू करा, डोळे मिटा आणि एखादी मॉक टेस्ट सोडवा. उजवीकडे स्वाइप केलं की पुढे, डबल टॅप केलं की निवड. कुठे अडलात ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!